सातेरीची पानं, चेन्नईचं कपाट

सन २००७. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं आणि बेळगावच्या पलीकडे मी पाय टाकलेला नव्हता. शाळा तिसरीत सुटली. पण वाचता येतं, लिहिता येतं, सही करतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी ‘दाजी गावकराला हे लिहून कुणी दिलं’ असं विचारायला नको. मीच लिहिलंय.

चेन्नईला मी फिरायला गेलो नाही. देवीची पानं घेऊन गेलो.

आमच्या गावात सातेरी देवीची राय आहे, म्हणजे देवराई. रायीतलं काही बाहेर जात नाही. सुकी काटकी चुलीत जात नाही की पडलेलं फळ पोरांच्या खिशात जात नाही. मधोमध झऱ्याकाठी दोन झाडं आहेत. एक रानजायफळ, त्याला फळ धरतं, ते देवीचं झाड. दुसरं जरा बाजूला, त्याला फळ नाही, तो राखण्या. दोघांच्याही सालीला कोयता लागला तर लाल रस येतो, अगदी रक्त. देवीच्या झाडाला नारळ, राखण्याला नुसता नमस्कार. राखण्या वेगळ्या जातीचा, देवीच्या पाठोपाठ घाटावरून आलेला, असं माझे वडील सांगत. मीही तेच सांगत आलो.

आदल्या वर्षी चेन्नईहून पद्मा नावाची मुलगी आमच्याकडे आली. मुलगी म्हणजे तिशी ओलांडलेली, डॉक्टर, पण माणसांची नव्हे, झाडांची. जायफळाचं कूळ मोठं, केरळापासून पार समुद्रापलीकडच्या बेटांपर्यंत पसरलेलं. त्यात कोण कुणाचं सख्खं आणि कोण चुलत, हे ती पानाच्या आतला अंश वाचून ठरवते. तिला आमच्या दोन्ही झाडांची पानं हवी होती. गाव नाही म्हणालं. मग गुरवानं कौल लावला. आमच्याकडे देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विचारलं, पानं जाऊन परत येतील या बोलीवर देशील काय? उजवी पडली. प्रत्येक झाडाची पाच पानं, ज्या हातानं जातील त्याच हातानं परत यायची. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाच्या वतीनं मागणं मागायचा, मान आमच्या घराण्याचा, म्हणजे हात माझा.

पद्मा म्हणाली, “हो, हो, परत देऊ.” हवं असतं तेव्हा माणूस हो म्हणतोच. पावसाळ्यानंतर पोस्टानं पाठवा म्हणून ती एक पिशवी देऊन गेली. पिशवीत निळे खडे होते, ते ओल पितात आणि पान सुकवतात. मी म्हटलं, देवी पोस्टातून जात नाही.

निघायच्या दिवशी गुरव सगळ्यांसमोर म्हणाला, “दाजी, पानां परत इली नाय तर?”

“इली नाय तर पुढचा गाऱ्हाणा तू घाल,” मी म्हटलं.

बोलून गेलो. माझा स्वभाव तसा आहे. पण त्या एका वाक्यानं बापजाद्यांचा मान मी त्या पिशवीत घालून खांद्याला लावला होता.

अड्यार

मडगावला गाडीत बसलो आणि चेन्नईला उतरलो. मधलं सांगण्यासारखं काही नाही, झोपेत गेलं.

स्टेशनावर पद्माचे वडील आले होते, सेतुराव. बँकेतून निवृत्त झालेले, पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, कपाळाला गंध. यांचे पूर्वज तीनशे वर्षांमागे मराठी राजाच्या लोकांबरोबर तंजावरला गेले आणि तिथेच राहिले. पुढच्या पिढ्या नोकरीसाठी चेन्नईला आल्या. पद्मानं सांगितलं होतं, आम्ही घरी मराठीच बोलतो. मला वाटलं, चला, एक घर तरी आपलं.

“यावें, दाजीराव. प्रयाण सुखाचें जालें की?” सेतुराव म्हणाले.

मी थबकलो. कपाटातली पोथी उठून बोलायला लागावी तसं ते. वाक्याच्या शेवटी सूर वर जायचा, मध्ये तमिळ शब्द, आणि ‘झालें’ कुठेच नाही, सगळं ‘जालें’. पहिल्या दिवशी निम्मं कळलं. दुसऱ्या दिवशी पाऊण. तिसऱ्या दिवशी मीच “पोदुम” म्हणायला लागलो. पोदुम म्हणजे पुरे. जेवायला वाढत असताना या शब्दाशिवाय त्या घरात माणूस वाचत नाही.

घर अड्यारला, दुसऱ्या मजल्यावर. दारात रोज पहाटे तांदळाच्या पिठाची रांगोळी. आमच्याकडे रांगोळी सणाला, यांच्याकडे रोज, आणि दुपारपर्यंत मुंग्या ती खाऊन टाकतात. मी म्हटलं, रोज पुसली जाते तर कशाला काढता? सेतुरावांच्या पत्नी कमलाबाई म्हणाल्या, “मुंग्यांस जेवण नको की?” त्या दिवसापासून मी ती ओलांडूनच आत जायला लागलो.

कॉफीची गोष्ट वेगळी. पितळी पेला आणि खाली पसरट वाटी. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, हातभर उंचावरून ओतायची. मी पहिल्या दिवशी ऐटीत ओतली आणि निम्मी धोतरावर घेतली. दुसऱ्या दिवसापासून मी पेल्यातूनच फुंकून प्यायलो आणि आमच्याकडे अशीच पितात असं सांगितलं.

मी घरची आमसुलं नेली होती. कमलाबाईंनी ती हातात घेऊन हुंगली. सेतुराव खुर्चीत सरसावून बसले.

“दाजीराव, आमचे पूर्वज तुमच्यासारखीच आमटी करीत. मुलखातून आमसूल यायचें थांबलें, तेव्हां चिंच घातली. तेंच सांबार जालें. आतां सगळे तमिळ लोक खातात.”

“तरी म्हटलं,” मी म्हणालो, “आमटी वाट का चुकलीय.”

कमलाबाई पदराआड हसल्या. रात्री आमसूल घालून सांबार झालं. सेतुराव दोनदा भात घेऊन म्हणाले की चांगलं आहे, पण चिंचेचंच बरं. मी म्हणालो, चिंचेचंही वाईट नाही, पण आमसुलाचंच बरं. आम्ही दोघंही त्या घटकेला एकमेकांना आवडलो.

खलबत्ता

दुसऱ्या दिवशी पद्माच्या संस्थेत गेलो. झाडांनी भरलेलं आवार, आत थंडगार खोल्या, आणि दवाखान्यासारखा वास. सेतुराव माझे दुभाषी म्हणून बरोबर.

पद्मानं निळ्या खड्यांची पिशवी उघडली. खडे गुलाबी झाले होते, पानं कुरकुरीत. ती खूश. “दाजीमामा, पर्फेक्ट आहे. मी सांगितल्यासारखें केलेंत.”

“देवीचं आहे म्हणून केलं. तू सांगितलंस म्हणून नव्हे.”

तिनं एका चिनीमातीच्या खलात देवीचं एक पान तुकडे करून टाकलं. वर एका भांड्यातून धूर निघणारं पाणी ओतणार होती. ते पाणी इतकं थंड की बोट घातलं तर बोट तुटेल म्हणाली. मी म्हटलं, थांब. आधी गाऱ्हाणं.

ती थांबली. खोलीत चार-पाच तरुण मुलंमुली होती, तीही थांबली. मी चपला काढल्या, हात जोडले.

“बा देवी सातेरी, आज तुझ्या लेकरानं तुझं पान परमुलखात आणलाहा. ह्या पोरीचा हात तुझ्या पानाक लागतलो. तिच्या हातात काय चूक घडली तर ती पदरात घे, आणि जसा गेला तसा परत ने, गे महाराजा.”

आमच्याकडे यावर सगळे “होय महाराजा” म्हणतात. इथे कोण म्हणणार? तेवढ्यात माझ्या मागून सेतुराव मोठ्यानं म्हणाले, “होय महाराजा.” त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आत कुठेतरी राहिलं असेल. मग ती तमिळ पोरंही म्हणाली, “होय महाराजा.”

धूर निघाला, पान काचेसारखं कडकडलं आणि पीठ झालं. राखण्याच्या पानाचं तसंच. मग दुपारपर्यंत ती त्या पिठात हे घाल, ते घाल, गरम कर, गरगर फिरव. कमलाबाईंच्या स्वयंपाकाहून जास्त वेळ लागला. शेवटी बारक्या नळीत थंड दारूसारखं काहीतरी ओतलं आणि नळी हळूच उलटीसुलटी केली. आत पांढरी जाळी तरंगायला लागली, कोळ्याच्या जाळ्याचा गुंता असावा तशी.

“हें पाहा,” पद्मा म्हणाली. “झाडाचा अंश. पान कसें व्हायचें, फळ कसें, रस लाल कां, सगळें यांत लिहिलेलें आहे.”

मी नळी उजेडाकडे धरली. खरं सांगतो, मला देवघरातल्या कापसाची वात आठवली. पण मी तसं बोललो नाही. “बरं,” म्हटलं, “आणि उरलेली पानं?”

“तीं मुत्तुसामी सारांकडे द्यायचीं. कपाटांत ठेवायला.” सार म्हणजे सर.

“किती दिवस?”

पद्मा आपल्या वडिलांकडे बघायला लागली. सेतुराव छताकडे बघायला लागले.

कपाटाचा राखणदार

मुत्तुसामी माझ्याच वयाचे असावेत. निवृत्त होऊनही रोज यायचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शर्टाच्या खिशात चार पेनं. त्यांच्या खोलीत लोखंडी कपाटं, भिंतीपासून भिंतीपर्यंत. डांबरगोळ्यांचा वास असा की डोळ्यांत पाणी यावं. प्रत्येक कपाटात कागद, प्रत्येक कागदावर चिकटवलेली फांदी किंवा पानं, खाली कोपऱ्यात गाव, झाड, आणणाऱ्याचं नाव. त्यांनी एक कागद काढून दाखवला. पान तपकिरी झालेलं, पण शीर न् शीर दिसत होती. शंभर वर्षांहून जुनं, ते म्हणाले.

“शंभर वर्षांत एकदाही बाहेर गेलं नाही?” मी विचारलं.

सेतुरावांनी तमिळमध्ये विचारलं. मुत्तुसामींनी मान हलवली, आणि छातीवर हात ठेवला.

मग मला कळलं. तिथला नियम असा, की कागदावर गेलेलं पान घरी जात नाही. कारण उद्या कुणी विचारलं, पद्मानं अंश कुठल्या झाडाचा वाचला, तर दाखवायला पान हवं. पान नसेल तर तिचं वाचलेलं खोटं धरतात.

“त्यांना सांगा,” मी सेतुरावांना म्हटलं, “तुमच्या कपाटाला कुलूप लागतं. आमच्या रायीला कुलूपही लागत नाही. तेव्हा मोठेपणा सांगू नका.”

सेतुराव तमिळमध्ये बराच वेळ बोलले. मुत्तुसामी प्रसन्न हसले.

“काय सांगितलंत?”

“तुमचीं कपाटें फार सुंदर आहेत म्हणून.”

“सेतुराव, मी तसं म्हटलं नाही.”

“पण तें खरें आहे की नाहीं?”

मुत्तुसामींनी आता आमची उरलेली पानं कागदावर मांडायला घेतली. इतक्या हळुवार हातानं, की राग असूनही मी बघत राहिलो. चिमट्यानं पान उलटलं, शिरा भिंगातून बघितल्या, मग पद्माला काहीतरी बजावलं. ती हिरमुसली.

“काय म्हणतात?”

“म्हणतात, फूल नाहीं, फळ नाहीं, नुसत्या पानावरून राखण्या कोण आहे हें सांगतां येत नाहीं. मी म्हणते, अंश वाचला तर येतें. सार म्हणतात, तूं धागा वाचतेस, मी झाड वाचतों. रोजचेंच आहे.”

मी पुढे होऊन कागदावरची पानं उचलली. एकेक करून पिशवीत घातली. मुत्तुसामी उठून उभे राहिले आणि मोठ्यानं बोलले. यावेळी सेतुरावांनी भाषांतर केलंच नाही, पण गरजही नव्हती. आमच्या रायीत कुणी फांदीला हात लावला तर मी हेच बोलतो, याच आवाजात.

“माझी बोली देवीशी आहे,” मी पद्माला म्हटलं. “तूही तिथं हो म्हणालीस.”

“म्हणालें,” ती म्हणाली. “मला वाटलें, तुम्ही नंतर समजून घ्याल.”

“मी नंतर समजून घेणाऱ्यातला नाही.”

आणि निघालो.

डावी बाजू

रागात निघालेल्या माणसानं परमुलखात बस पकडू नये. मी पकडली. आत शिरलो, डावीकडे जागा दिसली, बसलो. शेजारची बाई उठून उभी राहिली. पुढची वळून बघायला लागली. सगळ्या डाव्या बाजूला बायकाच आणि सगळे पुरुष उजवीकडे लोंबकळतायत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. कंडक्टरनं शिटी तोंडातून काढली आणि तमिळमध्ये सुरू झाला.

आता उठलो तर चूक कबूल केल्यासारखं होतं. मी बसून राहिलो. “म्हातारा आहे,” मी मराठीत सांगितलं, “माझी बाजू कुठलीही.” त्याला कळलं नाही. मला त्याचं कळलं, पण मी कळू दिलं नाही. शेवटी मोगऱ्याचा गजरा माळलेली एक म्हातारी मासळीची टोपली सांभाळत माझ्याकडे सरकली आणि हातानं ‘बस, बस’ अशी खूण करून तिनं कंडक्टरलाच झाडलं. बस हसायला लागली. मी मग उठलो. बाईमाणसानं बाजू घेतल्यावर बसून राहणं बरं नव्हे.

ती जिथे उतरली तिथे मीही उतरलो. पुढे समुद्र. आमच्याकडे समुद्रात सूर्य बुडतो. इथे संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसलो तर सूर्य पाठीमागे, शहराच्या इमारतींत. मला ते काही पटलं नाही. लोक मात्र भाजलेलं कणीस खात मजेत बसले होते.

मीही कणीस घेतलं आणि पिशवी मांडीवर ठेवून बसलो. पानं माझ्याजवळ होती. पण सगळी नव्हती. प्रत्येक झाडाच्या एका पानाचं पीठ झालेलं होतं. म्हणजे उरलेली नेऊनही बोली अर्धीच पुरी होणार. अर्धी बोली म्हणजे मोडलेली बोली. गुरव पानं मोजून घेणार, मी त्याला ओळखतो.

सेतुराव मला शोधत आले ते अंधार पडल्यावर. धापा टाकत शेजारी वाळूत बसले.

“अय्यो, दाजीराव. पद्मा रडते.”

“का?”

“तुमच्या झाडांसाठीं वर्षभर थांबली. कागदावर पान नाहीं तर तिनें वाचलेलें कोणीहि मानणार नाहीं. सेरी, बरें, तें जाऊं द्या. घरीं चला. कमलानें पुन्हां आमसूल घातलें आहे.”

चार रंगांचे डोंगर

मी लगेच गेलो नसतो. पण परतीचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं, आणि पद्मा माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर सोपं गेलं असतं. रोज सकाळी “दाजीमामा, इडली घ्या” म्हणायची आणि कामाला जायची. पिशवी माझ्या उशाखाली.

एक दिवस ती धावत घरी आली आणि मला संस्थेत घेऊन गेली. वाचून झालं होतं. यंत्राच्या पडद्यावर चार रंगांचे डोंगर, एकामागून एक, आमच्या घाटासारखे. प्रत्येक रंग म्हणजे एक अक्षर, आणि अशी चारच अक्षरं. चार अक्षरांत अख्खं कूळ लिहिलेलं. मी तिसरीपर्यंत त्याहून जास्त शिकलो होतो.

वरची ओळ देवीच्या झाडाची, खालची राखण्याची.

“बघा,” ती म्हणाली, “जेवढें वाचलें तेवढें अक्षर न् अक्षर एक.”

“म्हणजे?”

“राखण्या वेगळा नाहीं. तेंच झाड. या कुळांत नर वेगळा, मादी वेगळी. नराला फळ धरत नाहीं. तुमचा राखण्या तिचा नर आहे.”

मी म्हटलं, यंत्र चुकलं असेल. तिनं दुसऱ्यांदा वाचलेलं दाखवलं. मी म्हटलं, माझे वडील चुकले काय? तिनं पडद्यावरचं बोट काढलं नाही. मी बाहेर जाऊन चिंचेखाली बसलो. पिढ्यान् पिढ्या आम्ही त्याला परका म्हणून उभा ठेवला. नारळ द्यायचा तो तिला, आणि त्याला नुसता नमस्कार. पानं वेगळी दिसतात, आम्ही म्हणायचो. फळ नाही, आम्ही म्हणायचो. आणि आम्हाला ती दोघं रोज समोर.

पद्मा शेजारी येऊन बसली. “रूपावर जाऊं नये, दाजीमामा. पान उन्हांत वेगळें दिसतें, सावलींत वेगळें. मी सारांना हेंच सांगतें. झाड कोण आहे तें आंतल्या धाग्यांत असतें. पान म्हणजे वरचा अंगरखा.”

मी खाली पडलेलं चिंचेचं पान उचलून उलटंसुलटं केलं. मग म्हटलं, “पुन्हा सांग.”

“काय?”

“झाड कशात असतं ते.”

“धाग्यांत.”

“आणि पान?”

“अंगरखा.” ती म्हणाली, आणि माझ्याकडे संशयानं बघायला लागली.

“मग असं कर,” मी म्हटलं. “अंगरखा तुम्ही ठेवा. झाड मी घेऊन जातो.”

सौदा

मुत्तुसामींच्या खोलीत आम्ही चौघं उभे. मी सेतुरावांना सांगितलं, यावेळी जसं बोलेन तसंच सांगायचं, पॉलिश मारायचं नाही. त्यांनी कानाला हात लावला.

मी पिशवी टेबलावर ठेवली. “हे घ्या. कागदावर चिकटवा. पण खाली मालकाचं नाव लिहा. आणणारा दाजी गावकर, मालक देवी सातेरी. पानं तुमच्याकडे ठेवायला दिलीत, दान दिलेली नाहीत.”

मुत्तुसामींनी ऐकलं, खिशातलं पेन काढलं, आणि विचारलं, ‘सातेरी’ कसं लिहायचं. मी मराठीत लिहून दिलं. त्यांनी त्याखाली आपल्या अक्षरात लिहिलं. मग काहीतरी बोलले.

“म्हणतात,” सेतुराव म्हणाले, “आमच्या कपाटांत देवी ही एकच मालकीण आहे. बाकी सगळे नुसते आणणारे.”

“हे तुम्ही पॉलिश मारून सांगताय.”

“नाहीं हो. देवाशप्पथ.”

मुत्तुसामींनी पानं पुन्हा मांडली. एक पान शिरा वर, एक शिरा खाली, म्हणजे दोन्ही बाजू दिसाव्यात. मला ते आवडलं. मी ते तसं तोंडावर सांगितलं नाही, पण निघताना हात जोडले, आणि त्यांनीही.

पद्मानं दोन करंगळीएवढ्या नळ्या दिल्या. जाळी पाण्यात विरघळवलेली. थोडं आपल्याकडे ठेवलं, थोडं मला. एवढ्याशा पाण्यात अख्खं झाड. ती नळ्यांवर आपल्या पेनानं आकडे घालणार होती. मी म्हटलं, आकडे नकोत, देवी काय आकडा आहे? मी स्वतः कागदाच्या चिठ्ठ्या लिहिल्या, एकीवर ‘देवी’, दुसरीवर ‘राखण्या’, आणि डिंकानं चिकटवल्या. तिनं नळ्या बर्फात घालून थर्मासमध्ये बंद केल्या. स्टेशनावर कमलाबाईंनी दहीभाताचा डबा दिला, तो हुबळीपर्यंत पुरला.

परत

गावात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. गुरव माझ्या ओट्यावरच बसलेला. त्याच्याबरोबर चार माणसं.

“पानां खंय?”

मी थर्मास उघडला. बर्फाचं पाणी झालेलं, आणि त्या पाण्यात माझ्या दोन्ही चिठ्ठ्या लगदा होऊन तरंगत होत्या. नळ्या बाहेर काढल्या. दोन्ही सारख्या. दोन्हींत पाणी. कुठली देवीची आणि कुठली राखण्याची, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

पद्माचे आकडे घेतले असते तर हे झालं नसतं. हे तेव्हा मी बोललो नाही, आता लिहितो.

“ह्या काय? पाणी?” गुरव म्हणाला.

मी सगळं सांगितलं. खल, धूर, जाळी, चार अक्षरं. कपाटाचंही सांगितलं, लपवलं नाही. पान तिथे राहिलं, पण पानात जे झाड होतं ते मी परत आणलंय. आणि ती दोघं एकच आहेत, तो तिचा नवरा.

एकानं नळी दिव्याशी धरून बघितली. एक म्हणाला, राखण्याचं खरं असेल, त्याच्या फुलांना वास तिच्यासारखाच येतो. गुरव म्हणाला, “आमी पानां धाडली, तू पाणी हाडलंस. कौल लावया.”

“कौल तुका लावचो तेव्हा लाव,” मी म्हटलं. “सकाळी मी देवीचा देवीक देतलंय.”

झोप लागली नाही. कुठली नळी कुणाची, हे डोक्यात फिरत राहिलं. पहाटे मला पडद्यावरच्या त्या दोन ओळी दिसल्या, वरची आणि खालची, अक्षर न् अक्षर एक. आणि मग मला हसू आलं.

सकाळी आंघोळ करून, चहा न घेता, तांब्या घेऊन रायीत गेलो. माणसं आधीच जमली होती. झऱ्याचं पाणी तांब्यात घेतलं आणि दोन्ही नळ्या त्यातच ओतल्या. निम्मं देवीच्या झाडाच्या मुळाशी घातलं. मग बाजूला गेलो आणि निम्मं राखण्याच्या मुळाशी घातलं. मागून कुणीतरी विचारलं, “राखण्याक कित्याक?” मी नारळ फोडला, एक भकल तिच्याकडे ठेवलं, एक त्याच्याकडे. मग दोघांच्या मधोमध उभा राहिलो, हात जोडले, आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली. पहिली ओळ संपली तरी मागे कुणी बोललं नाही. दुसरी संपली, तेव्हा “होय महाराजा” आलं, आणि तो आवाज गुरवाचा होता.